प्रवेश सर्वांना, पदवी कितींना?

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात पहिल्यांदाच दाखल होणाऱ्या १०० विद्यार्थ्यांना विचारलं, तर त्यांतले सुमारे ८० जण सांगतात, की आम्हाला पुढे विद्यापीठात जाऊन चार वर्षांची पदवी घ्यायची आहे. सहा वर्षांनी पाहावं, तर त्या शंभरांतले साधारण ३३ विद्यापीठापर्यंत पोचलेले असतात आणि पदवी हाती पडलेली असते सुमारे १६ जणांच्या. उरलेल्यांतले काही दोन वर्षांची पदवी किंवा एखादं कौशल्य-प्रमाणपत्र घेऊन कामाला लागतात. पण फार मोठा गट हाती काहीच न लागता बाहेर पडतो. त्यांना कुणी काढून टाकलेलं नसतं. कामाची पाळी बदलते, गाडी बंद पडते, मूल आजारी पडतं, गणिताचा एकच पेपर दुसऱ्यांदा अडतो आणि पुढच्या सत्रात नाव नोंदवायचं राहून जातं.

ही गळती अनेक दशकांची आहे. तिचा दोष बराच काळ विद्यार्थ्यांच्याच माथी मारला गेला : शाळेत कच्चे राहिलेले, चिकाटी कमी असलेले, घरची परिस्थिती बेताची असलेले. गेल्या वीसेक वर्षांत मात्र काही कॉलेजांनी, काही राज्यांनी आणि काही संशोधकांनी कॉलेजची रचनाच तपासायला घेतली. त्यातून जे हाती आलं, ते प्रत्येक शिक्षणसंस्थेच्या चालकांनी आणि प्राध्यापकांनी वाचावं असं आहे. महाराष्ट्रातल्यांनी तर नक्कीच.

जोलिएटचे सहा विद्यार्थी

आपल्याकडून अमेरिकेकडे पाहताना एमआयटी, स्टॅनफर्ड किंवा एखाद्या राज्य विद्यापीठातलं एमएस नजरेत भरतं. पदवीपूर्व शिक्षण घेणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जण मात्र कम्युनिटी कॉलेजात शिकतात. देशभर अशी सुमारे हजार कॉलेजं आहेत. स्थानिक रहिवाशांसाठी वर्षाची फी सरासरी ४,००० डॉलरच्या आसपास, म्हणजे राज्य विद्यापीठाच्या फीच्या जवळपास एक तृतीयांश. प्रवेशासाठी गुणांची अट नाही. परिचारिका, वेल्डर, दंतवैद्याचे सहायक, अग्निशामक दलाचे जवान इथेच तयार होतात आणि विद्यापीठाची पहिली दोन वर्षंही इथे कमी खर्चात करता येतात. अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांनाही ही कॉलेजं ओळखीची आहेत. नवऱ्याच्या नोकरीमुळे तिकडे गेलेल्या कितीतरी जणींनी लेखाकर्म, बालशिक्षण किंवा संगणकाचे अभ्यासक्रम इथे केले. त्यांची मुलं शाळेत असतानाच इथले विषय घेऊन क्रेडिट जमा करतात.

या कॉलेजांची सुरुवात १९०१ मध्ये इलिनॉयमधल्या जोलिएट गावात झाली. तिथल्या शाळेचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन आणि शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी शालेय शिक्षणाला जोडून महाविद्यालयाचे पुढचे वर्ग सुरू केले. पहिल्या तुकडीत सहा विद्यार्थी होते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीला, १९४४ मध्ये, परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च उचलणारा कायदा झाला. १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगानं गावोगावी अशी कॉलेजं असावीत, असा आग्रह धरला. साठच्या दशकात ती झपाट्यानं वाढली. ज्यांच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं अशा लाखो मुलामुलींना त्यांनी आत घेतलं. हे काम मोठं होतं आणि त्याचं मोल कमी लेखण्याचं कारण नाही.

पण धोक्याची सूचनाही लवकरच मिळाली होती. १९६० मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या कॉलेजचा अभ्यास करून दाखवलं, की विद्यापीठाची आस घेऊन आलेल्या विद्यार्थ्याची आकांक्षा इथे हळूहळू, समजुतीच्या भाषेत, थंड केली जाते. चाचण्या, समुपदेशन, कमी गुणांचे इशारे या वाटेनं तो स्वतःच 'हे आपल्याला जमणारं नाही' असं ठरवतो. त्यात सरकारी अनुदान बहुतेक ठिकाणी सत्राच्या सुरुवातीला किती विद्यार्थी बसले यावर मिळे. शेवटी किती उरले, याच्याशी त्या पैशाचा संबंध नव्हता. त्यामुळे उरलेल्यांची मोजणी करण्याची गरज कुणाला भासली नाही.

गणिताच्या चार पायऱ्या

सगळ्यात मोठी गळती कुठे होते, याचा शोध घेतल्यावर बोट एका अनपेक्षित जागी गेलं. विद्यार्थी पहिल्या दिवशी आला, की त्याची इंग्रजीची आणि गणिताची संगणकावर चाचणी होई. तयारीचीही संधी नसलेल्या या छोट्या चाचणीवरून त्याला 'पूर्वतयारी'च्या वर्गात पाठवलं जाई. या वर्गांची फी भरावी लागे, पण क्रेडिट मिळत नसे. आणि असा वर्ग एकच नसे : आधी अंकगणित, मग प्राथमिक बीजगणित, मग त्यापुढचं बीजगणित आणि त्यानंतर कुठे कॉलेजचा खरा विषय.

समजा, १०० विद्यार्थी सगळ्यांत खालच्या पायरीवर आहेत. प्रत्येक वर्गात ७० टक्के पास होतात आणि पास झालेल्यांतले ८० टक्के पुढच्या सत्रात नाव नोंदवतात. दोन्ही आकडे ऐकायला बरेच वाटतात. तरी चार वर्ग संपेपर्यंत शंभरांतले १२ उरतात. प्रत्येक शिक्षकानं मन लावून शिकवलं, प्रत्येक विद्यार्थ्यानं कष्ट केले, तरीही हे होणार, कारण दोष पायऱ्यांच्या संख्येत आहे. कॅलिफोर्नियातल्या मायरा स्नेल आणि केटी हर्न या दोन प्राध्यापिकांनी हा हिशेब सहकाऱ्यांपुढे मांडला आणि २०१० पासून पायऱ्या कमी करण्याची चळवळच उभी केली.

त्यात आणखी एक गोष्ट उघड झाली. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारं केंद्र आहे. तिथल्या ज्युडिथ स्कॉट-क्लेटन यांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की या चाचण्यांमुळे गणितात सुमारे एक चतुर्थांश आणि इंग्रजीत सुमारे एक तृतीयांश विद्यार्थी अगदीच चुकीच्या वर्गात जात होते. त्यांतल्या बहुतेकांना कॉलेजचा खरा विषय सहज झेपला असता. शाळेतल्या चार वर्षांचे गुण त्या चाचणीपेक्षा जास्त खरं सांगत होते. सर्वाधिक वापरातल्या चाचण्यांपैकी एक असलेली 'कंपास' ही चाचणी तर ती चालवणाऱ्या संस्थेनंच २०१६ मध्ये बंद केली.

उपाय मेरीलँडमधल्या बाल्टिमोर काउंटीच्या कॉलेजात आकाराला आला. पीटर अॅडम्स या इंग्रजीच्या प्राध्यापकांनी २००७ मध्ये कच्च्या ठरलेल्या विद्यार्थ्यांना थेट मुख्य वर्गात बसवलं आणि त्याच सत्रात, त्याच शिक्षकाकडे, त्यांच्यासाठी जोडतासिका ठेवली. मुख्य वर्गात जे अडलं, ते जोडतासिकेत लगेच सोडवायचं. टेनेसी राज्यानं २०१५ मध्ये ही पद्धत सर्व कम्युनिटी कॉलेजांत लागू केली. पूर्वी गणितात कच्चे ठरलेल्यांपैकी कॉलेजचं गणित वर्षभरात पास होणारे सुमारे १२ टक्के होते. ते प्रमाण ५० टक्क्यांच्या आसपास गेलं. कॅलिफोर्नियानं २०१७ मध्ये 'एबी ७०५' हा कायदाच केला : शाळेचे गुण पाहा आणि वर्षभरात मुख्य विषय पास होण्याची सर्वाधिक शक्यता जिथे असेल, त्याच वर्गात विद्यार्थ्याला बसवा. २०१९ पासून तो राज्यभर अमलात आला. टेक्सासमध्ये गणितज्ञ युरी ट्रायझमन यांच्या पुढाकारानं दुसरी एक अडचण दूर झाली. समाजकार्य किंवा परिचर्या शिकणाऱ्याला बीजगणितापेक्षा संख्याशास्त्र जास्त उपयोगी पडतं, म्हणून ज्याच्या त्याच्या अभ्यासक्रमाला साजेसं गणित देण्याचा मार्ग त्यांनी आखला.

या बदलाला विरोध झाला, आणि विरोध करणाऱ्यांत मनापासून शिकवणारे प्राध्यापकही होते. वर्गात इतक्या वेगवेगळ्या तयारीची मुलं असताना शिकवायचं कसं, दर्जा टिकेल का, अभियांत्रिकीकडे जाणाऱ्याला थेट कलनात ढकलणं योग्य आहे का, हे त्यांचे प्रश्न रास्त आहेत. मुख्य वर्गातलं उत्तीर्णतेचं प्रमाण खाली आलं, हेही खरं. पण पूर्वी त्या वर्गापर्यंत पोचूच न शकणारे आता आत आहेत आणि पास होणाऱ्यांची एकूण संख्या कितीतरी वाढली आहे. मला या वादात बदलाची बाजू जास्त पटते. मात्र एका अटीवर. जोडतासिका खरोखर घेतली गेली पाहिजे आणि ती घेणाऱ्या शिक्षकाला त्याचा पूर्ण मोबदला मिळाला पाहिजे. आधार काढून घेऊन नुसती पायरी काढली, तर तो सुधार नव्हे.

वाट कुणी दाखवायची?

२०१५ मध्ये टॉमस बेली, शॅना स्मिथ जॅगर्स आणि डेव्हिस जेन्किन्स या तिघांनी कम्युनिटी कॉलेजांच्या पुनर्रचनेवर एक पुस्तक लिहिलं. त्यांनी या कॉलेजांना कॅफेटेरियाची उपमा दिली : शेकडो विषय मांडून ठेवलेले, ज्याला जे हवं ते त्यानं उचलावं. ज्याच्या घरी पदवीधर आहेत, त्याला काय उचलायचं ते ठाऊक असतं. जो घरातला पहिलाच आहे, तो ताटात काहीतरी घेतो आणि दोन वर्षांनी कळतं, की यातले निम्मे विषय पदवीला लागूच होत नाहीत. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयानं २०१७ च्या अहवालात म्हटलं, की एका कॉलेजातून दुसरीकडे जाताना विद्यार्थ्यांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया जातात. प्रत्येक वाया गेलेला क्रेडिट म्हणजे भरलेली फी आणि रात्रपाळीनंतर जागून केलेला अभ्यास.

या तिघांनी सुचवलेला मार्ग सोपा आहे. प्रत्येक अभ्यासक्रमाचा सत्रवार नकाशा आधी तयार ठेवा. विद्यार्थ्याला आरोग्य, व्यवसाय, विज्ञान-तंत्रज्ञान, समाजशास्त्र अशा मोठ्या गटांतून एक गट पहिल्याच सत्रात निवडायला मदत करा. तो नकाशाबाहेर गेला, तर त्याला लगेच सावध करा. आणि शेजारच्या विद्यापीठाशी आधीच करार करा, म्हणजे इथले सगळे क्रेडिट तिथे चालतील. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या व्हॅलेन्सिया कॉलेजनं सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाशी असा करार २००६ मध्येच केला होता. दोन वर्षांची पदवी पूर्ण करणाऱ्याला तिथे प्रवेशाची हमी मिळते. उत्तम कम्युनिटी कॉलेजला दिला जाणारा अॅस्पेन पुरस्कार २०११ मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो याच कॉलेजला.

न्यू यॉर्कचा बस पास

या साऱ्या प्रयत्नांत सर्वांत भक्कम पुरावा न्यू यॉर्कमधून आला. तिथल्या सिटी युनिव्हर्सिटीनं २००७ मध्ये महापौर कार्यालयाच्या मदतीनं 'एसॅप' नावाचा कार्यक्रम सुरू केला. त्यात नवलाचं असं एकही कलम नाही. विद्यार्थ्यानं पूर्णवेळ शिकायचं. सरकारी मदत वजा जाता फीची जी रक्कम उरेल, ती माफ. पाठ्यपुस्तकं मोफत. शहरातल्या बस आणि भुयारी रेल्वेचा महिन्याचा पास मोफत. पूर्वतयारीचे विषय मागे ठेवायचे नाहीत, ते आधीच उरकायचे. वर्ग असे लावायचे, की नोकरी करणाऱ्याला रोज दोनदा यावं लागू नये. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे प्रत्येकाला एक ठरलेला सल्लागार, ज्याला नियमित भेटायचंच. पुढच्या महिन्याचा पास या भेटीगाठींशी जोडलेला.

एमडीआरसी या स्वतंत्र संशोधन संस्थेनं याची परीक्षा औषधांची घेतात तशी घेतली. कमी उत्पन्नाचे आणि पूर्वतयारीची गरज असलेले ८९६ विद्यार्थी निवडले. सोडतीनं निम्म्यांना एसॅपमध्ये घेतलं, निम्मे नेहमीच्या पद्धतीनं शिकत राहिले. तीन वर्षांनी नेहमीच्या गटातल्या सुमारे २२ टक्क्यांनी दोन वर्षांची पदवी पूर्ण केली होती. एसॅपमधल्या ४० टक्क्यांनी. शिक्षणक्षेत्रात इतका मोठा फरक फारच क्वचित दिसतो. दोन्हीकडे कॉलेजं तीच, शिक्षक बहुतांशी तेच, अभ्यासक्रमही तोच होता. नेहमीच्या गटात एका सल्लागारामागे ६०० ते १,५०० विद्यार्थी होते, एसॅपमध्ये ६० ते ८०.

खर्चाचा प्रश्न लगेच आला. तीन वर्षांत दर विद्यार्थ्यामागे सुमारे १६,३०० डॉलर जास्त लागले; नेहमीच्या खर्चापेक्षा ६० टक्क्यांहून अधिक. पण भागाकार विद्यार्थ्यांच्या संख्येऐवजी पदव्यांच्या संख्येनं केला, तेव्हा दर पदवीमागचा खर्च उलट ११ टक्क्यांनी कमी भरला. अर्ध्यावर सुटलेल्या विद्यार्थ्यावरही समाजाचा पैसा खर्च झालेलाच असतो, फक्त त्याचा ताळेबंद कुणी मांडत नाही. हा हिशेब माझ्या मते या साऱ्या विषयाचं मर्म आहे.

न्यू यॉर्कनं पुढे हा कार्यक्रम वर्षाला २५,००० विद्यार्थ्यांपर्यंत नेला. 'न्यू यॉर्कची गोष्ट वेगळी' असं म्हणणाऱ्यांना ओहायोनं उत्तर दिलं. तिथल्या तीन कॉलेजांनी हाच नमुना राबवला. तीन वर्षांत पदवी घेणारे १९ टक्क्यांवरून ३५ टक्के झाले. सहा वर्षांनी पाहिलं, तर त्या विद्यार्थ्यांच्या कमाईतही सुमारे ११ टक्क्यांची वाढ दिसली.

मारिया कोण आहे?

टेक्सासच्या उत्तर टोकाला अमरिलो नावाचं शहर आहे. तिथल्या कॉलेजनं आपल्याच विद्यार्थ्यांना विचारलं, तुमच्या शिक्षणाच्या आड काय येतं? वर्गातल्या अडचणी सांगितल्या जातील, अशी प्राध्यापकांची अपेक्षा होती. उत्तरं आली ती प्रवासाची, मुलं सांभाळण्याची, घरभाड्याची, जेवणाची. अध्यक्ष रसेल लोअरी-हार्ट यांनी मग आकडेवारीवरून आपल्या कॉलेजची प्रातिनिधिक विद्यार्थिनी उभी केली आणि तिला 'मारिया' हे नाव दिलं : लॅटिनो घरातली, कॉलेजात येणारी घरातली पहिलीच, अर्धवेळ शिकणारी, दोन नोकऱ्या करणारी, एका मुलाची आई. कॉलेजचा प्रत्येक नवा निर्णय मारियाला सोयीचा आहे का, हे पाहून घ्यायचं ठरलं. आवारात धान्य आणि डबाबंद अन्नाचं कोठार आलं, समाजकार्यकर्त्यांचं मदत केंद्र आलं. सोळा आठवड्यांची सत्रं मोडून बरेचसे विषय आठ आठवड्यांचे केले. संसारात अडचण आली, तर पूर्ण सत्र बुडण्याऐवजी एकदोन विषयच मागे राहतात. २०२३ मध्ये अॅस्पेन पुरस्कार अमरिलोनं विभागून मिळवला.

याच राज्याच्या पश्चिमेकडे, तेलाच्या विहिरींच्या प्रदेशात, ओडेसा कॉलेज आहे. कोणत्या विषयात गळती जास्त, हे तिथे तपासलं तेव्हा कळलं, की प्रश्न विषयाच्या अवघडपणाचा नव्हता. काही शिक्षकांच्या वर्गातून कुणी जात नव्हतं, मग विषय कोणताही असो. ते शिक्षक काय करतात, ते पाहिलं गेलं. पहिल्याच आठवड्यात प्रत्येकाला नावानं हाक मारायची. सुरुवातीच्या काही दिवसांत प्रत्येकाशी एकट्यानं बोलायचं. कोण मागे पडतोय, यावर लक्ष ठेवायचं. नियम कडक, पण अडचण खरी असेल तर सवलत. कॉलेजनं हे चार संकेत सगळ्या शिक्षकांना पाळायला सांगितले आणि वर्ग मध्येच सोडणाऱ्यांचं प्रमाण लक्षणीय घटलं.

फी माफ केली की झालं?

फी माफ करणं हा राजकारण्यांना सर्वांत आधी सुचणारा उपाय. टेनेसीचे गव्हर्नर बिल हॅस्लम यांनी २०१४ मध्ये 'टेनेसी प्रॉमिस' योजना आणली आणि २०१५ पासून बारावीनंतर थेट कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांची फी माफ झाली. प्रवेश वाढले, घराघरांत कॉलेजची चर्चा सुरू झाली. ही कमाई खरी आहे. पण योजना इतर मदत वजा जाता उरलेली फीच भरते आणि सर्वांत गरीब विद्यार्थ्यांची फी केंद्राच्या अनुदानातून आधीच भागलेली असते. म्हणजे ज्याला सर्वांत जास्त गरज, त्याच्या हाती नवं काही पडत नाही. भाडं, पेट्रोल, पुस्तकं तशीच राहतात. पहिल्या तुकडीतल्या बहुसंख्यांची पदवी ठरल्या मुदतीत झाली नाही.

दुसरी उणीव माणसांची आहे. कम्युनिटी कॉलेजांतले सुमारे दोन तृतीयांश शिक्षक अर्धवेळ आहेत. आपल्याकडच्या तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांसारखीच त्यांची ओढाताण होते : सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्या, पुढच्या सत्राची खात्री नाही. ज्याला बसायला खोली नाही, त्यानं विद्यार्थ्याशी एकट्यानं कुठे बोलायचं? २०२३ मध्ये टेक्सासनं कायदा बदलून कम्युनिटी कॉलेजांचं अनुदान मुख्यतः किती जणांनी पदवी किंवा उपयुक्त प्रमाणपत्र मिळवलं, किती जण विद्यापीठात गेले, यांच्याशी जोडलं. दिशा बरोबर आहे. पण निकालावर पैसा द्यायचा, तर दर्जा सैल होणार नाही याची राखण आणि शिक्षकांना स्थैर्य, या दोन्ही गोष्टी सोबत हव्यात.

आपल्यासाठी

हे सगळं महाराष्ट्राला परकं नाही. रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी शाळेच्या आधी वसतिगृहाचा विचार केला. साताऱ्याच्या बोर्डिंगात अठरापगड जातींची मुलं एकत्र राहत, जेवत, राबत. त्या मुलांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपलं मंगळसूत्रही विकलं. जेवण आणि निवारा हा शिक्षणाचाच भाग आहे, हे अमरिलोला आत्ता समजलेलं तत्त्व साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वी आचरलं गेलं होतं. पुढे संस्था वाढल्या, इमारती झाल्या आणि प्रवेशसंख्या हेच यशाचं माप होऊन बसलं.

आता नव्या शैक्षणिक धोरणानुसार आपल्याकडे पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी घेऊन बाहेर पडण्याची सोय झाली आहे. क्रेडिट जपून ठेवण्यासाठी खातं आहे. सोय चांगली आहे. पण एटीकेटीत अडकून, किंवा गावाहून येणारी एसटी परवडत नाही म्हणून थांबलेल्या मुलीला प्रमाणपत्र देऊन 'ती स्वेच्छेनं बाहेर पडली' असं नोंदवलं, तर गळतीच यश म्हणून मोजली जाईल. राज्य सरकारनं २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली, हे स्वागतार्हच. न्यू यॉर्कचा अनुभव सांगतो, की त्यापुढचं काम खोलीभाडं, मेस, प्रवास आणि तिची विचारपूस करणारं एक माणूस, इथे सुरू होतं. मार्गदर्शक शिक्षकांच्या याद्या आपल्या कॉलेजांतही असतात. त्या याद्यांमागे ठरलेली वेळ, मर्यादित विद्यार्थिसंख्या आणि स्थिर नोकरीतला शिक्षक उभा राहिला, तरच त्यांना अर्थ येईल.

हा लेख वाचणाऱ्यांत संस्थांचे विश्वस्त असतील, प्राचार्य असतील, दरवर्षी देणगी देणारे माजी विद्यार्थी असतील. त्यांना माझी विनंती आहे. पुढच्या बैठकीत एकच प्रश्न विचारा : तीन वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्यांपैकी यंदा किती जण पदवीधर झाले आणि बाकीचे कोणत्या सत्रात, कशामुळे थांबले? आकडा तयार नसेल, तर तो काढायला लावा आणि दरवर्षी जाहीर करा. नव्या सभागृहासाठी जमवलेल्या निधीतला काही भाग बस पास, पुस्तकं आणि दोन पूर्णवेळ समुपदेशक यांच्यासाठी राखून ठेवा. पदवी पूर्ण होणं ही विद्यार्थ्याइतकीच कॉलेजची जबाबदारी आहे आणि ती पार पाडता येते, हे आता सिद्ध झालं आहे.